पोराला पोलिसांनी उचललंय, आत मारतायत: पहिल्या रात्रीपासून हायकोर्टापर्यंत काय काय करायचं

रात्री साडेअकरा-बाराला फोन वाजतो आणि पलीकडून बाई एवढंच म्हणते की दादा, पोराला घेऊन गेले. कोण घेऊन गेले विचारलं तर साध्या कपड्यातले होते, पांढरी गाडी होती, कुठे नेतोय ते सांगितलं नाही. मी वकील नाही, मुंबईत फोर्टमध्ये एका क्रिमिनल वकिलाकडे कारकून आहे. पण हा फोन इतक्या वेळा घेतलाय की काय सांगायचं ते तोंडपाठ झालंय, तेच इथे लिहून ठेवतोय. वकील लागणारच आहे. पण वकील सकाळी दहाला भेटतो आणि खरं काम रात्रीच करायचं असतं.

आधी एक गोष्ट डोक्यात फिट करा. असल्या केसमध्ये सगळं भांडण घड्याळाचं असतं. पोरगा घरातून गेला रात्री पावणेबाराला, पोलिसांच्या कागदावर अटक दिसणार दुसऱ्या दिवशी दुपारी साडेचारची. मधले जवळजवळ सतरा तास कुठल्याच रजिस्टरमध्ये नसतात आणि मार पडतो तो बरोबर त्याच तासांत. ते तास कागदावर आणायचे, तेही पोलिसांनी त्यांचा कागद रंगवायच्या आधी. बाकी सगळं त्याच्यानंतर.

तर पहिलं काम, वेळ लिहा. आमच्याकडे आलेल्या एका माऊलीने लाइट बिलाच्या मागे पेन्सिलने लिहिलं होतं, ११.४०, चार माणसं, एक टकला, गाडीचे शेवटचे दोन आकडे. तेच लाइट बिल पुढे अर्जाला जोडलं. मग ११२ ला फोन करा आणि सांगा की अनोळखी माणसं मुलाला जबरदस्तीने घेऊन गेली, कोण आहेत माहीत नाही. लोक म्हणतात पोलिसांचीच तक्रार पोलिसांना काय करायची, अहो पण त्या कॉलची वेळ सरकारच्याच सिस्टीममध्ये नोंदली जाते, नंतर ती कुणाला खोडता येत नाही. खालच्या किराणावाल्याकडे, सोसायटीच्या सेक्रेटरीकडे कॅमेरा असेल तर त्याच रात्री फुटेज मागा, नाही दिलं तर निदान मॉनिटरचा मोबाइलवर व्हिडिओ घ्या, कारण बरेच डीव्हीआर आठ-पंधरा दिवसांत जुनं पुसून टाकतात आणि किराणावालाही चार दिवसांनी घाबरून फिरतो.

मग मेल. भाषा साधी ठेवा, शिव्याशाप नको, आरोपही नको, असं काहीतरी: "माझा मुलगा अमुक, वय २२, यास आज दिनांक अमुक रोजी रात्री ११.४० वाजता राहत्या घरातून चार इसमांनी पोलीस असल्याचे सांगून नेले आहे. नोटीस दिलेली नाही, अटकेचे कारण सांगितलेले नाही, कोठे ठेवले आहे ते कळवलेले नाही. नेताना त्याच्या अंगावर कोणतीही जखम नव्हती. त्याचा ठावठिकाणा तात्काळ कळवावा व त्यास मारहाण होऊ नये." हा मेल पोलीस आयुक्त, आपल्या झोनचे डीसीपी, स्थानिक पोलीस ठाणे आणि राज्य मानवी हक्क आयोग यांना एकाच वेळी पाठवा, स्वतःलाही सीसी करा. "नेताना जखम नव्हती" हे वाक्य अजिबात गाळू नका, पुढे त्याच्यावर खूप काही उभं राहतं.

आता पोलीस ठाण्यात जायचं, एकट्याने नाही, दोघं-तिघं, आणि आवाज चढवायचा नाही. तिथे नेहमीचं उत्तर मिळतं, चौकशीला आणलंय, बसवून ठेवलंय, सकाळी सोडतो. तर असं "बसवून ठेवणं" कायद्यात नाहीच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या बीएनएसएसप्रमाणे (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा, खाली कायद्याचं नाव न घेता कलम लिहिलंय ते याचंच) एक तर कलम ३५(३) ची नोटीस, किंवा साक्षीदार म्हणून कलम १७९ ची नोटीस, नाहीतर अटक. चौथा प्रकार नाही. साठीच्या वरच्या माणसाला, १५ वर्षांखालच्या मुलाला आणि कुठल्याही बाईला साक्षीसाठी ठाण्यात बोलवतासुद्धा येत नाही, पोलिसांनी घरी यायचं. माणसाला उठून जायची मोकळीक नसेल तर तिथूनच अटक सुरू झाली, कागद कधीही केलेला असो, हे आपल्या मुंबई हायकोर्टाने एका कस्टम्सच्या केसमध्ये केव्हाच सांगून ठेवलंय. राज्यघटनेच्या २२ व्या अनुच्छेदातले आणि कलम ५८ मधले २४ तास आपण त्या पावणेबारापासून मोजायचे, साडेचारपासून नाही.

क्राइम ब्रँचच्या एखाद्या युनिटने नेलं असेल तर लोकल ठाण्याला खरंच माहीत नसतं (कधीकधी माहीत असून नसतं). अशा वेळी कंट्रोल रूमला विचारा, कलम ३७ प्रमाणे अटक केलेल्यांची माहिती ठेवायला अधिकारी नेमलेला असायलाच लागतो. आणि बाहेरच्या राज्याचे पोलीस येऊन उचलून गाडीत घालून निघाले असतील तर अजून घाई, कारण ते थेट हद्द ओलांडायच्या मागे असतात. आधी इथल्या मॅजिस्ट्रेटकडून ट्रान्झिट रिमांड, म्हणजे दुसऱ्या राज्यात न्यायची परवानगी, घेतला का, लोकल ठाण्यात नोंद केली का, हे दोन प्रश्न लेखी विचारा. २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी दिल्लीत गौतम नवलखांना अटक केली तेव्हा दिल्ली हायकोर्टाने तो ट्रान्झिट रिमांडच रद्द केला होता, म्हणजे हा नुसता फॉर्म भरण्याचा विषय नाही.

अटक दाखवली की तीन गोष्टी मागायच्या. अटकेचा मेमो, त्याच्यावर घरच्या माणसाची किंवा वस्तीतल्या कुणा प्रतिष्ठित माणसाची सही आणि खरी वेळ. वेळ चुकीची असेल तर सही करताना खाली स्वतःच्या हाताने लिहा, "माझ्या माहितीप्रमाणे काल रात्री ११.४० पासून ताब्यात". अटकेची कारणं, लेखी, त्याला कळेल त्या भाषेत. वरळीच्या हिट अँड रनच्या केसमधूनच वर गेलेल्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२५ ला सांगितलं की कुठलाही गुन्हा असो, कारणं लेखीच द्यायची, तिथल्या तिथे जमत नसेल तर रिमांडसाठी (कोठडी मागायला) मॅजिस्ट्रेटसमोर नेण्याच्या निदान दोन तास आधी. तिसरं, वकिलाची भेट, चौकशी चालू असताना वकिलाला भेटू देणं कलम ३८ मध्ये आहे. मेमो आणि वकिलाची भेट हे मुळात सुप्रीम कोर्टाच्या १९९६ च्या डी. के. बसू निकालातून आलंय, तेव्हा कोर्टाने ११ सूचना दिल्या होत्या आणि ठाण्यात त्या बोर्डावर लावायच्या असतात. बोर्ड असतो हो. त्याच्याखालच्या बाकड्यावरच पोरगा बसलेला असतो.

आता मेडिकल. इथे जरा थांबून वाचा, कारण सगळ्यात जास्त केसेस इथे मरतात.

अटक झाली की सरकारी डॉक्टरकडून तपासणी व्हायलाच लागते, कलम ५३, आणि जखमा असतील तर त्या कधी झाल्या असाव्यात हेसुद्धा डॉक्टरने लिहायचं, रिपोर्टची कॉपी अटक झालेल्याला किंवा त्याने सांगितलेल्या माणसाला द्यायची. बसू निकालाप्रमाणे कोठडीत दर ४८ तासांनी तपासणी परत. होतं काय, कॅज्युअल्टीत गर्दी असते, हवालदार बाजूला उभा, डॉक्टर मान वर न करता विचारतो काही त्रास आहे का, पोरगा म्हणतो नाही, आणि पेपरवर ठोकून देतात "बाह्य जखम नाही". मी एका पोराबरोबर हे डोळ्याने बघितलंय. त्याला चालता येत नव्हतं, लंगडतही नव्हता, दोन्ही पाय सारखेच दुखत असल्यामुळे बदकासारखा चालत होता. पेपरवर जखम शून्य. कारण पट्टा तळव्यांवर मारला होता आणि डॉक्टरने चप्पल काढायला सांगितलीच नव्हती. दोन दिवसांनी कोर्टात आमच्या मॅडमनी त्याला चप्पल काढून पाय वर करायला सांगितलं तेव्हा तळवे वांग्यासारखे झाले होते.

म्हणून पोराला भेट मिळाली की कानात हेच सांगा की डॉक्टरला स्वतःहून सांग, तळवे दाखव, पाठ दाखव, मांड्या दाखव, कानात मारलं असेल तर ऐकू कमी येतंय सांग, लघवीत रक्त असेल तर लाजू नको. डॉक्टरला सांगायचं की हवालदाराला बाहेर उभं करा. कुणी मारलं, कशाने, किती वाजता हे केस पेपरवर लिहायला लावा. सुटून आला असेल तर घरी गरम पाण्याने शेकत बसू नका, त्याच रात्री केईएम, सायन, कूपर जे जवळ असेल तिथे नेऊन एमएलसी (मारहाणीची पोलीस केस म्हणून हॉस्पिटलची नोंद) करा, मार मुका असेल तर वळ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त दिसतात तेव्हा परत जा आणि परत लिहून घ्या.

हे कागद किती वर्षं जगतात त्याचं उदाहरण आपल्या शहरातच आहे. ११ जुलै २००६ च्या लोकल बॉम्बस्फोटांच्या केसमध्ये बारा जणांना शिक्षा झाली होती, पाच जणांना फाशी. जुलै २०२५ ला हायकोर्टाने बाराही जणांना सोडलं आणि कबुलीजबाब छळ करून घेतले असं मानलं, त्याला आधार होता केईएम आणि भाभा हॉस्पिटलच्या जुन्या वैद्यकीय कागदांचाही. एकोणीस वर्षांनी! (तीनच दिवसांत सुप्रीम कोर्टाने त्या निकालाचा दाखला दुसऱ्या केसमध्ये द्यायला मनाई केली, पण सुटलेल्यांना परत आत घातलं नाही. आणि स्फोटात गेलेल्या माणसांच्या घरच्यांना एकोणीस वर्षांनी काय मिळालं? काहीच नाही. चुकीची माणसं ठोकून काढली की खरे गुन्हेगार निवांत राहतात, हे कुणी बोलत नाही.)

कुणी विचारतं की पोलिसांसमोरची कबुली कोर्टात चालतच नाही तर मारतात कशाला. रिकव्हरीसाठी मारतात. नुसती कबुली चालत नाही, पण त्याच्या सांगण्यावरून काही सापडलं तर तेवढा भाग चालतो. आणि मकोका (संघटित गुन्हेगारीविरुद्धचा राज्याचा कायदा) लागला असेल तर डीसीपीने घेतलेली कबुलीसुद्धा चालते, तिथे जास्त सावध. मकोकात कबुलीनंतर लगेच चीफ मॅजिस्ट्रेटसमोर नेतात, छळाची तक्रार तिथेच तोंडाने करायची, मग मेडिकल करणं बंधनकारक होतं. तिथे गप्प राहिलात तर नंतर दहा वर्षं ओरडून उपयोग नाही.

रिमांडचा दिवस. किल्ला कोर्ट असो, भोईवाडा, वांद्रे, कुर्ला, अंधेरी, रविवार असेल तर हॉलिडे कोर्ट, प्रकार एकच. मॅजिस्ट्रेट विचारतात, पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का. हा प्रश्न विचारणं त्यांच्यावर बंधनकारक आहे आणि तो नियम मुंबईच्याच लॉकअपमधून आलाय, शीला बरसे या पत्रकार बाईंनी इथल्या कोठडीतल्या बायकांना मारहाण होते म्हणून सुप्रीम कोर्टाला पत्र लिहिलं त्याच्यावरचा १९८३ चा निकाल. पण प्रश्न विचारतात तेव्हा पोराच्या मागे तोच हवालदार उभा असतो आणि रात्री परत त्याच्याच ताब्यात जायचंय हे पोराला माहीत असतं, म्हणून तो नाही म्हणतो आणि रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या नोंदीत, "तक्रार नाही" असं येतं. वकिलाला आधीच सांगून ठेवा की पोरगा बोलला नाही तरी तुम्ही लेखी अर्ज द्या, जखमा कोर्टाने स्वतः बघून रोजनाम्यात नोंदवाव्यात, दुसऱ्या सरकारी हॉस्पिटलमध्ये परत तपासणी व्हावी, आणि पोलीस कोठडीऐवजी न्यायालयीन कोठडी द्यावी. नवीन कायद्यात एक मेख आहे. पोलीस कोठडीचे १५ दिवस आता सलग असायची गरज नाही, पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत तुकड्या-तुकड्याने घेता येतात, म्हणजे आर्थर रोडला गेला आता सुटलो असं समजू नका, परत ओढू शकतात. प्रत्येक खेपेला आधी मेडिकल, नंतर मेडिकल.

त्याच अर्जात दोन गोष्टी जपून ठेवायचा आदेश मागा. एक, ठाण्याचं सीसीटीव्ही. डिसेंबर २०२० च्या परमवीर सिंग सैनी निकालात सुप्रीम कोर्टाने लॉकअप, पॅसेज, आत-बाहेरच्या वाटा सगळीकडे कॅमेरे आणि १८ महिन्यांचं रेकॉर्डिंग सांगितलंय, ते शक्यच नसेल तर निदान एक वर्षाचं. उत्तर येणार की कॅमेरा बंद होता. येऊ दे, फक्त ते लेखी घ्या, कुठल्या तारखेपासून बंद होता, दुरुस्तीला कधी पत्र लिहिलं तेही विचारा. नेमका तुमच्या रात्रीपुरता बंद पडलेला कॅमेरा हाच पुरावा होऊन बसतो. दोन, पोराच्या आणि त्या अधिकाऱ्यांच्या मोबाइलचे सीडीआर, म्हणजे कॉलच्या नोंदी, टॉवर लोकेशनसकट. पावणेबाराला साहेबांचा फोन तुमच्या गल्लीच्या टॉवरवर होता की नाही हे साहेब कसे नाकारणार.

हे मोबाइलचं मी हवेत बोलत नाही. अमेरिकेच्या सीआयएने २००३ मध्ये इटलीतल्या मिलान शहरात भर रस्त्यातून अबू उमर नावाच्या इमामाला उचलून इजिप्तला पाठवलं, तिथे त्याचा छळ झाला. गुप्तहेर ते, पण सापडले कशाने, तर मोबाइलच्या रेकॉर्डने आणि हॉटेलच्या बिलांनी. २००९ मध्ये इटलीच्या कोर्टाने वीसहून जास्त अमेरिकनांना त्यांच्या गैरहजेरीत दोषी ठरवलं. खालिद अल मसरी या जर्मन माणसाचं तसंच, नावातल्या सारखेपणामुळे मॅसेडोनियात पकडून अफगाणिस्तानात चार महिने कोंडलं, कुणी विश्वास ठेवेना. त्याच्या केसांची तपासणी झाली, विमानाच्या उड्डाणांच्या नोंदी जुळल्या आणि २०१२ मध्ये युरोपच्या मानवी हक्क कोर्टाने मॅसेडोनियाला दोषी धरून ६०,००० युरो द्यायला लावले. त्याच माणसाला अमेरिकेच्या कोर्टाने मात्र सरकारी गुपित म्हणून दारातूनच परत पाठवलं होतं. जगातल्या सगळ्यात ताकदवान सरकारचे लोक जर बिलांनी आणि सिमकार्डांनी अडकतात तर आपल्या युनिटवाल्यांचं काय घेऊन बसलात.

२४ तास उलटले आणि कुठेच हजर केलं नाही तर थेट हायकोर्ट, हेबियस कॉर्पस, म्हणजे माणसाला कोर्टासमोर हजर करा अशी याचिका. आमचा अनुभव सांगतो, याचिका फाइल झाली आणि सरकारी वकिलाला कॉपी गेली की दोन तासांत अटक "दिसते". खर्चाची ऐपत नसेल तर १५१०० ही विधी सेवा प्राधिकरणाची हेल्पलाइन आहे, फुकट वकील मिळतो. बरा-वाईट वकिलावर अवलंबून, पण मिळतो.

आता गुन्हा दाखल करायचा भाग. आपल्याकडे छळाविरुद्ध वेगळा कायदाच नाही. भारताने यूएनच्या छळविरोधी करारावर १९९७ ला सही केली ती केली, मान्यता आजपर्यंत दिलेली नाही, २०१० ला लोकसभेत एक विधेयक पास झालं तेही पुढे बारगळलं. त्यामुळे बीएनएसची (जुन्या आयपीसीच्या जागी आलेली न्याय संहिता) कलमं वापरायची, मुख्य म्हणजे १२०, कबुली काढायला दुखापत, ७ वर्षांपर्यंत, गंभीर असेल तर १० पर्यंत, जोडीला बेकायदा डांबून ठेवल्याचं १२७. पीडित अनुसूचित जाती-जमातीचा असेल तर अॅट्रॉसिटीही बघायला सांगा. आधी ठाण्यात लेखी तक्रार, घेणार नाहीत, मग डीसीपीला पोस्टाने, मग बीएनएसएसच्या कलम १७५ खाली मॅजिस्ट्रेटकडे. हा क्रम मोडू नका, पोचपावत्या जपा. १७५(४) मध्ये सरकारी नोकराविरुद्ध आदेश देण्याआधी वरिष्ठाचा रिपोर्ट मागवायची नवीन पायरी घातलीय, म्हणजे वेळ जाणारच.

सगळ्यात मोठी अडचण मंजुरीची. सरकारी नोकरावर खटल्याला सरकारची मंजुरी लागते असा बचाव येतोच, आता कलम २१८ मध्ये १२० दिवसांत निर्णय नाही दिला तर मंजुरी मिळाली असं धरतात हे त्यातल्या त्यात बरं. मारहाण ही ड्युटी कशी होईल हा आपला मुद्दा, पण कोर्टं यावर दोन्ही बाजूंनी बोललीत, खात्री धरू नका. आणि महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम १६१ विसरू नका, ड्युटीच्या नावाखाली केलेल्या कृत्याचा खटला ६ महिन्यांच्या आत भरायचा, सरकारची मंजुरी असेल तर २ वर्षं. हे न कळल्यामुळे चांगल्या केसेस गेल्यात. पाच महिने वाट बघून, सगळं निवळलं की बघू म्हणणारे असतात त्यांना मी हेच कलम दाखवतो.

ख्वाजा युनूसची केस बघा. परभणीचा २७ वर्षांचा इंजिनियर, २००२ च्या घाटकोपर बसस्फोटानंतर पकडला, जानेवारी २००३ पासून गायब. पोलिस म्हणाले जीपला अपघात झाला, पळून गेला. बिंग फुटलं कुणामुळे, तर त्याच्याबरोबर आत असलेल्या आरोपीमुळे, त्याने कोर्टात सांगितलं की याला मारताना मी बघितलं. म्हणून लॉकअपमधला शेजारी कोण होता त्याचं नाव पोराला विचारून लिहून ठेवाच. सीआयडीने १४ जणांवर बोट ठेवलं, सरकारने मंजुरी दिली चौघांसाठी. आई हायकोर्टात भांडत राहिली, २०१२ ला २० लाख भरपाईचा आदेश झाला. खटला मात्र रखडत रखडत चाललाय.

भरपाई हायकोर्टात रिट करून मागता येते, दिवाणी दाव्याची वाट बघायला नको, १९९३ च्या नीलाबती बेहेरा निकालापासून हे पक्कं आहे. जुलै २०२५ ला जम्मू-काश्मीरच्या एका कॉन्स्टेबललाच कोठडीत छळल्याबद्दल सुप्रीम कोर्टाने ५० लाख आणि सीबीआय चौकशी दिली. राज्य मानवी हक्क आयोग सीएसएमटीसमोर हजारीमल सोमाणी मार्गावर आहे, वकील लागत नाही, साधा अर्ज चालतो, पण घटनेपासून एक वर्षाच्या आत. आयोग फक्त शिफारस करतो, तारखा लांब पडतात, तरी मी सांगतो कराच, कारण आयोगाच्या नोटिशीला पोलिसांना लेखी उत्तर द्यावं लागतं आणि ते उत्तर कोर्टात दिलेल्या उत्तराशी जुळत नाही असं मी एकापेक्षा जास्त वेळा बघितलंय. राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणही आहे, तिथे अर्ज शपथपत्रासोबत द्या.

माणूस गेलाच असेल तर, लिहायला बरं वाटत नाही पण, घाईने बॉडी ताब्यात घेऊ नका. कलम १९६ प्रमाणे न्यायदंडाधिकाऱ्यांची चौकशी व्हायला लागते, पोस्टमॉर्टेम व्हिडिओ शूटिंगसह मागा, तोपर्यंत कुठल्याही जबाबावर सही नको. परभणीच्या सोमनाथ सूर्यवंशींच्या केसमध्ये डिसेंबर २०२४ चा मृत्यू, न्यायदंडाधिकाऱ्यांच्या अहवालात पोलिसांवर ठपका, तरी गुन्हा नोंदवत नव्हते, शेवटी जुलै २०२५ ला औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवायला सांगितलं आणि सरकार सुप्रीम कोर्टात गेलं तरी तो आदेश टिकला.

मध्येच कुणीतरी येईल, नगरसेवकाचा माणूस, ओळखीतला रिटायर्ड हवालदार, म्हणेल मिटवून टाका, पोराची केस हलकी करतो. निर्णय तुमचा, मी कुणाला शहाणपण शिकवणार नाही, ज्याचं पोरगं आत आहे त्यालाच कळतं. फक्त त्या माणसाशी बोलणं झालं की तारीख-वेळ वहीत लिहा, धमकी असेल तर तेवढ्यावर वेगळा अर्ज द्या.

शेवटचं, मोबाइलमधले जखमांचे फोटो. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवलेत की ते दाबले जातात आणि वेळ-तारखेची मूळ माहिती उडते, पाठवायचंच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. ज्या फोनने काढले तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका, कारण कोर्टात नव्या साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं (इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं) सर्टिफिकेट त्याच फोनचं द्यावं लागतं. फोटोत बाजूला त्या दिवसाचा पेपर ठेवा, एक फोटो लांबून चेहऱ्यासकट आणि एक जवळून, जखमेशेजारी शाळेची पट्टी धरून, म्हणजे वळ किती सेंटिमीटरचा आहे ते दिसतं.